आत आले

सायरन वाजला तेव्हा शिवराज नावाचा तो बी.ए.चा पोरगा इस्रायलच्या स्थापनेपर्यंत येऊन पोचला होता. कलबुर्गीच्या त्या कॉलेजच्या सभागृहात पंखे कुरकुरत होते, स्टेजमागे वादविवाद स्पर्धेचा कन्नड फलक जरा तिरकाच लागला होता, आणि परीक्षकांच्या टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला राजपालचा फोन एकाएकी भोंगा फुटल्यासारखा ओरडायला लागला. पोरं आधी दचकली, मग हसली. मागच्या बाकावरून कुणीतरी ‘ॲम्ब्युलन्स, ॲम्ब्युलन्स’ असं ओरडून घेतलं. राजपालने फोन उचलला, आवाज बंद केला, पुन्हा होता तसाच बाटलीला टेकवला आणि शिवराजला हाताने खूण केली, चालू दे. शेजारी बसलेले संगमेश्वर सर, म्हणजे स्पर्धेचे यजमान, कानाशी वाकून म्हणाले, “काय हो ते?” राजपाल म्हणाला, “अश्दोदचा भोंगा आहे, इस्रायलातला. मुलगी असते तिथं.” ‘पाऊस आहे वाटतं बाहेर’ म्हणावं इतक्याच सहज तो हे म्हणाला, आणि मग स्वतःचाच आवाज त्याला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

सुरुवातीला असं नव्हतं. पंचशीला तिकडे गेली आणि त्याने तिथला भोंगा इथे वाजवणारं ॲप फोनवर घेतलं, तेव्हा भोंगा वाजला की त्याच्या हातातला घास हातात राहायचा. हुमनाबादच्या घरात विमलबाई पोळपाट टाकून धावत यायची आणि नवरा-बायको फोनसमोर उभे राहायचे, देवासमोर राहावं तसे. म्हणजे त्यांच्या घरात देव नव्हता, बुद्ध आणि बाबासाहेब होते, पण उभं राहण्याची तऱ्हा तीच. मग पंचशीलाचा मेसेज यायचा, ‘आत आले’. आत म्हणजे इमारतीच्या तळघरातल्या आसऱ्यात. थोड्या वेळाने दुसरा, ‘वर आले’. राजपाल दोन्हींना एकच उत्तर पाठवायचा, ‘बरं’. असं किती वेळा झालं याची मोजदाद राहिली नाही. भोंगा वाजतो, ती आत जाते, वर येते, तो बरं म्हणतो. आता विमलबाई स्वयंपाकघरातून नुसतं विचारते, “आली का आत?” आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत राहते. माणसाला कशाचीही सवय होते हे राजपालला पुस्तकातून ठाऊक होतं. ती आपल्याला इतक्या लवकर होईल असं मात्र वाटलं नव्हतं. आत कुठेतरी मांडी घालून बसलेला पाय मुंग्या येऊन जड व्हावा, तसं काहीतरी झालं होतं. चिमटा काढला तरी कळत नव्हतं.

स्टेजवर शिवराजचा आवाज चढला होता. विषय होता, ‘प्रत्येक राष्ट्राला अस्तित्वाचा अंगभूत हक्क आहे.’ निजामाचं राज्य बुडालं त्या दिवसानिमित्त दरवर्षी स्पर्धा व्हायची. विषय ठरवला होता संगमेश्वर सरांनी, आणि परीक्षक म्हणून राजपाल रायरेला बोलावलं ते तो हुमनाबादला तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवतो म्हणून. शिवराज म्हणत होता, दुसऱ्या कुठल्या देशाला कुणी विचारतं का, तू असावंस की नसावंस? त्याच्या चुका काढतात, त्याला शिव्या देतात, पण तू मुळात का आहेस असं विचारत नाहीत. ते फक्त ज्यूंच्या देशाला विचारतात. दोन हजार वर्षं ज्यांना दार लावून घ्यायला स्वतःचं घर नव्हतं, दुसऱ्यांनी दार उघडलं तर आत, नाही उघडलं तर भट्टीत, त्यांना विचारा देश म्हणजे काय. पोराने ‘भट्टी’ म्हणताना क्षणभर थांबून सभागृहाकडे पाहिलं. पाठ केलेलं होतं, पण खरं होतं. राजपालने गुणपत्रिकेवर पेनाचं टोक टेकवलं आणि तसंच ठेवलं. वाद कन्नडमध्ये चालला होता. त्याच्या डोक्यात तो आपोआप मराठीत उतरत होता आणि उतरता उतरता त्याला केतूराबाईंचा आवाज फुटत होता.

केतूराबाई म्हणजे ज्यांना सांभाळायला पंचशीला गेली त्या. झिराडकर आडनाव. अलिबागकडचे बेने इस्रायल, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून कोकणात ओळखले जायचे त्यांतल्या. वीस-बावीस वर्षांच्या असताना नवऱ्यासोबत बोटीने गेल्या आणि आता नव्वदीच्या उंबऱ्यावर, डोकं विरत चाललेलं. साठ-पासष्ट वर्षं बोललेली हिब्रू आधी गेली, शेजारपाजारची नावं गेली, मुलाचं नावही अधूनमधून जायचं. मराठी तेवढी राहिली. म्हणून मुलाने मराठी बोलणारी परिचारिका मागवली आणि एजंटाने बीदर जिल्ह्यातली पाठवली. पहिल्याच दिवशी पंचशीलाने विचारलं, “आजी, कामून जेवंना झालाव?” म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मुलाला म्हणाली, “ही मराठी बोलते म्हणालास ना रे? मग ही काय बोलते?” हा किस्सा पंचशीलाने फोनवर सांगितला तेव्हा विमलबाई पदर तोंडाला लावून हसली होती. त्या घरात तेव्हा शेवटचं असं कुणी हसलं असावं. पुढे दोघींचं जमलं. पोहे, खोबरं, खजूर कालवून म्हातारी एलियाहू पैगंबराच्या नावाने मलिदा करायला लावायची, आणि पंचशीला सांगायची, अप्पा, आपल्याकडं दर्ग्यात भाकरी-गुळाचा करतेत, इथं पोह्याचा करतेत, चव चांगली लागते. राजपालला नवस-बिवस खपत नसे. तो म्हणायचा, “तू खा, नवस करू नको.”

पंचशीला जाण्याआधी एका संध्याकाळी त्याच्यासमोर येऊन बसली होती. सरळ विचारलं, “अप्पा, जाऊ का नको?” बीदरच्या खाजगी दवाखान्यात राबून राबून तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. राजपालने चष्मा काढला, पुसला आणि बोलायला लागला. तिथला कायदा, इथली बेकारी, ज्या पॅलेस्टिनी मजुरांना तिथं आत येऊ देणं बंद केलं त्यांच्या जागी आपली पोरं चाललीत हा नैतिक प्रश्न, दुसऱ्या बाजूने माणसाचा पोट भरण्याचा हक्क, युद्धाची शक्यता, युद्धविरामाची शक्यता. तासभर तरी बोलला. चांगलं बोलला. पंचशीलाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि उठताना म्हणाली, “म्हंजी जाऊ?” तो म्हणाला, “निर्णय तुझा.” तशीच ती गेल्या महिन्यातही म्हणाली, “येऊ का परत?” आणि पुन्हा त्याने दोन्ही बाजू मांडल्या. विमलबाई त्या दिवसापासून त्याच्याशी या विषयावर बोलायची बंद झाली. एवढंच म्हणाली होती, “लेकरू बापाला इचारायलंय. तुमी मास्तरच ऱ्हायलाव.”

आता विरुद्ध बाजूची मुलगी उठली होती. विजयश्री. बारीक अंगाची, हातात कागद नाही. तिने इस्रायलपासून सुरुवातच केली नाही. ती म्हणाली, आपण बसलोय ती जमीन आपल्या आजोबांच्या लहानपणी एका वेगळ्याच राज्यात होती. त्याचा स्वतःचा रुपया होता, स्वतःची रेल्वे, स्वतःचं टपाल. ते राज्य आठवडाभरात गेलं आणि आपण दरवर्षी त्या दिवशी झेंडा लावतो. त्या राज्याला अस्तित्वाचा अंगभूत हक्क होता का? असेल तर आपण दरवर्षी एका खुनाचा उत्सव करतो. नसेल तर हक्क राज्याला नसतो, माणसांना असतो, आणि राज्य ही त्या माणसांनी केलेली सोय असते. ज्यूंना जगण्याचा हक्क होता, आहे. त्यासाठी त्यांना सोय लागली हेही मला कळतं. पण ज्या जागेवर ती सोय उभी राहिली तिथे आधीच राहणाऱ्यांचा हक्क मग कुठे गेला? आणि त्यांनाही उद्या स्वतःचं राज्य मिळालं तर त्याला अंगभूत हक्क आहे म्हणून ते पुन्हा कुणाला बाहेर काढणार? सभागृहात टाळ्या पडल्या. राजपालचं लक्ष फोनकडे होतं. ‘आत आले’ अजून आला नव्हता.

अश्दोदपासून गाझा फार लांब नाही. पंचशीला सांगायची, वारा तिकडून असला की आवाज येतो, दिवसभर, ढोल बडवावा तसा. एकदा म्हणाली होती, “अप्पा, आमच्यावर पडायच्या आधी भोंगा वाजतोय. तिकडच्याला तेबी न्हाई.” राजपाल तेव्हाही बरं म्हणाला होता. आणि केतूराबाई? त्यांना आवाज ऐकू आला की त्या विचारायच्या, कुणाचं लग्न आहे गं? डोकं जाग्यावर असेल त्या दिवशी मात्र त्या पंचशीलाला सांगत बसायच्या, बोटीत आम्ही सगळे रडत होतो, आपलं राज्य झालं, आपलं राज्य झालं म्हणून. तिथं पोचलो तर धर्मगुरू म्हणे तुम्ही पुरते ज्यू नाही, आजी-पणजीचा दाखला आणा, मगच लग्न लावू. लेकराला कडेवर घेऊन रस्त्यावर बसले मी, उन्हात. राज्य आपलं झालं गं, आपण त्याचे आहोत का, ते त्यांना बघायचं होतं. पंचशीलाने हे सांगितलं तेव्हा राजपालला वाटलं होतं, ही बाई आपल्या वस्तीतली आहे. त्यालाही ठाऊक होतं ते. निजाम गेला, म्हैसूर आलं, मराठीवाले म्हणाले आम्हाला महाराष्ट्रात न्या, कन्नडवाले म्हणाले हे आमचंच, त्याच वर्षी त्याचा बाप बौद्ध झाला. राज्य बदललं, धर्म बदलला, आणि कमलनगरकडच्या त्यांच्या गावात विहीर मात्र कितीतरी वर्षं तीच राहिली, त्यांच्यासाठी वेगळी.

चहाची सुट्टी झाली. संगमेश्वर सर पोरांना खुर्च्या सरकवायला सांगत होते. राजपाल कप घेऊन व्हरांड्यात आला आणि तेवढ्यात फोन थरथरला. अक्षरं नव्हती, आवाज होता. पंचशीलाने बोलून पाठवला होता. हात मोकळे नसावेत. त्याने फोन कानाला लावला. आधी नुसतं कुणाचं तरी धापा टाकणं. मग पंचशीला, हळू आवाजात, “अप्पा, आत आले.” आणि तिचं बोट बटणावरून निघायच्या आधी मागून दुसरा, चिरका, म्हातारा आवाज: “पोरी, तू जा गं खाली. रोज रोज काय माझ्यापाशी बसतेस जिन्यात? मला कोण नेतंय आता?”

राजपालने तो पुन्हा ऐकला. पुन्हा ऐकला. व्हरांड्यासमोरच्या कडुनिंबाखाली दोन पोरी सेल्फी काढत होत्या. तिसऱ्या मजल्यावरचं घर. जुनी इमारत, आसरा तळघरात, लिफ्ट सायरनच्या वेळी बंद, केतूराबाई व्हीलचेअरवर. हे सगळं तिने पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं आणि त्याने ऐकलंही होतं. व्हीलचेअरवरची बाई तीन मजले खाली कशी जाते, हा प्रश्न एकट्या त्यालाच पडू नये, तेही तीस वर्षं पोरांना प्रश्न पाडायला शिकवणाऱ्याला? म्हणजे जितक्या वेळा ‘आत आले’ आलं तितक्या वेळा ती बाहेर होती. जिन्यात, म्हातारीला धरून. आणि तितक्या वेळा तो बरं म्हणाला होता. त्याला रडू यायला हवं होतं. आलं नाही. चहा कोमट झाला होता, तो त्याने पिऊन टाकला.

मग त्याने कधी केलं नव्हतं ते केलं. एकच बाजू लिहिली. ‘तू खाली जात जा. त्यांना तिथंच राहू दे. त्यांचं वय झालंय. तू परकी आहेस, तुझ्यावर सक्ती नाही. हे मी सांगतो.’ शेवटचं वाक्य खोडलं, परत लिहिलं, पाठवलं. दोन निळ्या खुणा उमटल्या. तिने वाचलं.

निकालाच्या वेळी त्याला स्टेजवर बोलावलं. नेहमी तो अर्धा-पाऊण तास बोलायचा, त्यासाठीच त्याला बोलावत. आज तो माइकसमोर उभा राहिला आणि पुढच्या रांगेतली पोरं वही-पेन सरसावून बसली. तो एवढंच म्हणाला, “दोघंही चांगलं बोलले. शिवराज घराबद्दल बोलला, विजयश्री घरातल्या माणसांबद्दल बोलली. पहिला नंबर दोघांना विभागून देतो.” खाली उतरल्यावर संगमेश्वर सर त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, “रायरे, निकाल द्यायला बोलावलं होतं, तह करायला नव्हे.” राजपाल हसला. हसता येत होतं, हे त्याला बरं वाटलं.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. कमलापूरला बस थांबली तशी लाल केळ्यांच्या फण्या खिडकीशी आल्या आणि गेल्या. रानात तूर हिरवीगार उभी होती, मध्येच कुठे शिंदीची झाडं. शिंदी दिसली की त्याला बाप आठवायचा. बाप म्हणजे नरसिंग. नरसिंगने आयुष्यभर एक खूळ सांभाळलं होतं: घरात कुणी निजायला टेकलं, पाहुणा असो, आजारी असो, तान्हं लेकरू असो, त्याच्या उशाशी पाण्याने भरलेला तांब्या ठेवल्याशिवाय तो अंग टाकायचा नाही. दुपारी पेपर वाचता वाचता राजपालचा डोळा लागला तरी जाग येताना हाताला तांब्या लागायचा. विमलबाई नवी नवरी असताना दोनदा तो लवंडला होता आणि गादी भिजली होती, तरी म्हाताऱ्याने सोडलं नाही. कारण त्याने राजपालला कधीच सांगितलं नाही. सांगितलं ते नातीला, पंचशीला नर्सिंगला जायला निघाली त्याच्या आदल्या दिवशी, आणि पेपर तपासत पलीकडे बसलेल्या राजपालने ते ऐकलं, न ऐकल्यासारखं.

नरसिंग तेव्हा लहान पोर. निजामाच्या शेवटच्या दिवसांत गावात ओरडा झाला, आले, आले. कोण आले ते कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. रझाकार आले म्हणे, लष्कर आलं म्हणे, रझाकारांच्या नावाने दुसरेच कुणी सूड उगवायला आले म्हणे. वस्ती उठली आणि मांजरेच्या काठच्या शिंदीच्या बनात शिरली. नरसिंगची आजी खुब्याचं हाड मोडून अंथरुणावर होती. तिला कोण उचलणार? ती म्हणाली, जावा रे, मला काय करतेत. ते गेले. बनात दबून बसले, ढोलासारखे आवाज ऐकले, मग आवाज थांबले, तरी भीतीने बसूनच राहिले. परत आले तेव्हा गावातल्या कितीतरी घरांची राख झाली होती, ज्यांच्याकडे ईदचा शिरखुर्मा खायला जायचे ती माणसं उरली नव्हती. आजी मात्र जिवंत होती. अंथरुणापासून रांजणापर्यंत सरपटत गेल्याचा माग जमिनीवर उमटला होता, आणि ती रांजणाच्या बुडाशी पडली होती. हात काठापर्यंत पोचला नव्हता. तिने कुणाला काही बोल लावला नाही. फक्त जिभेला शब्द फुटेना म्हणून बोटाने दाखवलं, पाणी. “रझाकाराचं मला काई न्हाई वाटत,” नरसिंग नातीला म्हणाला होता, “लष्कराचंबी न्हाई. राज्यं येतेत, जातेत. तिच्या उशाला तांब्या भरून ठेवायला कितीसा येळ लागला असता गं? ते ध्येनात आलं न्हाई कुणाच्या.”

हुमनाबादचे कारखाने दिसायला लागले होते, लॉऱ्यांची रांग, ढाबे. फोन थरथरला. पंचशीला. लिहिलं होतं, ‘अप्पा, आज पहिल्यांदा तुमी काहीतरी ठाम सांगितलाव. मला लई बरं वाटलं, खोटं न्हाई सांगत. पण तेवढं माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. आईला सांगू नका.’ राजपालने ते वाचलं. रागावावं असं त्याला वाटलं, आणि राग कुठून काढायचा ते आठवेना. त्याला विजयश्री आठवली, राज्य ही सोय असते म्हणणारी, आणि शिवराज, दार लावून घ्यायला घर हवं म्हणणारा, आणि दोघांच्या मधे कुठेतरी तिसऱ्या मजल्याचा जिना, दाराबाहेर, आसऱ्याच्या वर. तिथे कुठल्या राष्ट्राचा कुठला हक्क लागू होतो हे त्याला सांगता आलं नसतं. सांगता येईल असं त्याला आयुष्यभर वाटत आलं होतं.

बस स्टँडात शिरत असतानाच भोंगा पुन्हा वाजला. पुढच्या सीटवरची बाई कानावर हात ठेवून वळली, “बंद कराकी वो ते.” त्याने बंद केलं. उतरणाऱ्यांची रेटारेटी सुरू झाली तरी तो बसून राहिला. मेसेज आला, नेहमीचा, दोन शब्दांचा.

‘आत आले.’

ती खोटं बोलते आहे हे आता तिला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं, आणि त्याला ठाऊक आहे हेही तिला ठाऊक होतं. त्याचा अंगठा सवयीने ‘ब’वर गेला. त्याने तो मागे घेतला. कंडक्टर दारातून ओरडत होता, “उतरायचं न्हाई का, अण्णा?” राजपालने त्याच्याकडे न बघता लिहायला घेतलं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं.

‘जिन्यात पाण्याचा तांब्या भरून ठेव. दोघींना.’